ग्रामधर्म आणि नगरधर्म : स्थलांतराच्या पन्नास वर्षांचा विचार

(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

संस्थेचा सुवर्ण महोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या दिवशी व्यापारी जुनी चोपडी मिटवून नवी उघडतो. परंतु नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढण्यापूर्वी तो जुन्या चोपडीतील येणे आणि देणे ताडून पाहतो. पन्नास वर्षांची चोपडी मिटताना जमेच्या बाजूला अनेक गोष्टी मांडता येतील. शिक्षण वाढले, आरोग्य सुधारले, व्यवसाय विस्तारले, समाजाची प्रतिष्ठा वाढली. नावेच्या बाजूला मात्र एक मोठी नोंद करावी लागते. गावातील घरे कमी झाली. ज्या ओट्यांवर संध्याकाळी प्रतिक्रमणाला जाणारी मंडळी जमत, त्यांतील अनेक ओटे आज रिकामे आहेत आणि त्यांमागच्या दारांना कुलपे आहेत. सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने या नोंदीचा शांतपणे विचार व्हावा, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

हा पन्नास वर्षांचा कालखंड जैन समाजाच्या दृष्टीने दोन महोत्सवांच्या मधला आहे. १९७४-७५ मध्ये भगवान महावीरांचा २५०० वा निर्वाण महोत्सव संपूर्ण देशाने साजरा केला. ठिकठिकाणी महावीर स्तंभ, वाचनालये, उद्याने उभी राहिली. २०२४ मध्ये २५५० वा निर्वाण महोत्सव साजरा झाला. पहिल्या महोत्सवाच्या वेळी जी मुले शोभायात्रेत घोषणा देत होती, ती आज साठीची झाली आहेत आणि त्यांची नातवंडे बहुधा पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात किंवा परदेशात आहेत. दोन महोत्सवांच्या दरम्यान समाजाचा पत्ताच बदलला.

आकडे काय सांगतात

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. त्यापैकी शंभरातील सुमारे ७९ माणसे खेड्यात आणि २१ शहरात राहत होती. त्याच जनगणनेत देशभरातील जैनांची संख्या ४४,५१,७५३ नोंदली गेली आणि त्यांपैकी शंभरातील सुमारे ८० माणसे शहरात राहणारी होती. म्हणजे जिल्ह्याचे चित्र आरशात उलटे दिसावे, तसे समाजाचे चित्र आहे. ज्या जिल्ह्यात पाचांतील चार माणसे खेड्यात राहतात, त्या जिल्ह्यात राहणारा हा समाज देशभर पाहता पाचांतील चार शहरवासी असा आहे. त्या वर्षी संपूर्ण देशाचे शहरी प्रमाण ३१ टक्के होते. भारतातील प्रमुख धर्मसमुदायांत जैनांइतका शहरी समुदाय दुसरा नाही.

आणखी एक आकडा लक्षात घेण्याजोगा आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली. जैनांची वाढ ५.४ टक्के झाली. मोठे घर दोन मुलांचे झाले, कित्येकदा एका मुलाचे झाले. त्या एका मुलानेही गाव सोडले, की घराचा गावाशी असलेला संबंध एका पिढीतच संपतो. पूर्वी पाच भावांतील तिघे बाहेर गेले तरी दोघे पेढीवर राहत. आता राहण्यासाठी मागे कोणी उरतच नाही.

गाव का सुटले

जैन समाज गावातून का गेला, याचे उत्तर केवळ ‘शहराची ओढ’ असे देणे हे अर्धेच उत्तर होईल. त्यामागे इतिहास आहे आणि कायदेही आहेत.

बीबी हे लोणार तालुक्यातील गाव. मेहकर, सुलतानपूर, बीबी, दुसरबीड, सिंदखेड राजा, जालना अशी जुन्या नागपूर–मुंबई मार्गावरील गावांची माळ आहे. वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवरचा हा भाग. वऱ्हाडात इंग्रजी अंमल होता, तर पलीकडचे जालना निजामाच्या राज्यात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने मुंबई–नागपूर रेल्वे झाली आणि १८७० मध्ये खामगावला जोडणारी शाखा सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला आधीच भाव आला होता. रेल्वे घाटाखाली राहिली. घाटावरच्या गावांतील कापूस, ज्वारी, तूर बैलगाड्यांनी खाली जाऊ लागली. या व्यवहारात गावोगावी भुसार, कापड, किराणा यांची दुकाने आणि देवघेवीच्या पेढ्या उभ्या राहिल्या. राजस्थानातून आलेली ओसवाल, खंडेलवाल कुटुंबे आणि पूर्वीपासून येथेच रुजलेली सैतवाल, बघेरवाल, कासार आदी मराठी जैन कुटुंबे या व्यवहाराचा भाग झाली. म्हणजे आज ज्या समाजाला ‘गाव सोडून जाणारा’ म्हटले जाते, त्यातील एक मोठा भाग दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी स्वतःचे गाव सोडूनच येथे आला होता. स्थलांतर ही या समाजाला नवी गोष्ट नाही. फरक एवढाच, की तेव्हाचे स्थलांतर गावाकडे होते. आताचे गावापासून दूर आहे.

पेढीचा हा व्यवहार निर्दोष होता, असा दावा कोणी करू नये. उधारी शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी तारून नेत असे; तीच उधारी व्याजासह वाढून त्याची जमीनही नेत असे. पुणे व नगर जिल्ह्यांत १८७५ साली सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला, ही घटना महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात नोंदलेली आहे. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेणाऱ्या समाजाने हे पान डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर शासनाने हा व्यवहार टप्प्याटप्प्याने आपल्या हाती घेतला. १९६३ च्या कायद्याने शेतमालाची खरेदी बाजार समितीच्या आवारात आली. १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि खाजगी व्यापाऱ्याला कापूस खरेदीचा दरवाजा बंद झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. १९७५ मध्ये ऋणमुक्तीचा कायदा आला आणि अल्पभूधारक, शेतमजूर व ग्रामीण कारागीर यांची सावकारी कर्जे रद्द झाली. या प्रत्येक पावलाला सामाजिक न्यायाचे कारण होते आणि त्यातील बरेचसे योग्यही होते. परंतु परिणाम असा झाला, की गावातील पेढीचे चारही खांब पाच-सात वर्षांत हलले. कापूस गेला, देवघेव गेली, भुसाराचा व्यवहार तालुक्याच्या यार्डात गेला. उरले किराणा आणि कापड. मुले तीन आणि दुकान एक, तेही अर्धे, अशी स्थिती झाली. ज्याच्या हाती थोडे भांडवल होते, तो जालना, अकोला, खामगाव येथे गेला. तेथून पुढची पिढी पुण्याला गेली.

येथे दक्षिण महाराष्ट्राशी तुलना केली असता एक गोष्ट स्पष्ट होते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांत चतुर्थ जैन समाज शेती करणारा आहे. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेला तेथे खेडोपाडी पाया मिळाला, तो शेतीवर नांदणाऱ्या याच घरांमुळे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील हे त्याच मातीतले. त्या भागात आजही गावोगावी जिनमंदिरात नित्य अभिषेक होतो, कारण शेत उचलून शहरात नेता येत नाही. वऱ्हाडात समाजाची उपजीविका दुकानावर होती आणि दुकान उचलून नेता येते. गावाशी असलेले नाते जमिनीचे नसून गल्ल्याचे असेल, तर गल्ला आटताच ते नातेही आटते, हा या तुलनेचा बोध होय.

व्यापाराखालोखाल कारण शिक्षणाचे. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, तरी अभियांत्रिकी, वैद्यकीय, सनदी लेखापाल या शिक्षणांसाठी मुले पुढे औरंगाबाद, पुणे, नागपूर येथे जात राहिली. ज्या समाजाने साक्षरतेत देशात पहिला क्रमांक राखला, त्याची मुले शिकण्यासाठी बाहेर जाणारच. मात्र शिकलेल्या मुलाला परत येण्यासारखे काम गावात राहिले नाही. त्यानंतरचे कारण विवाहाचे. आज कोणत्याही परिचय मेळाव्याची पुस्तिका उघडावी. शिक्षण, उंची, उत्पन्न यांच्याआधी ‘राहण्याचे ठिकाण’ पाहिले जाते. गावात उत्तम व्यवसाय असलेला, निर्व्यसनी, धर्मनिष्ठ मुलगा केवळ गावात राहतो म्हणून नाकारला जातो. मग विवाहासाठी म्हणून शहरात सदनिका घेतली जाते, सदनिकेच्या हप्त्यासाठी शहरात नोकरी शोधली जाते आणि गावातील दुकान भाड्याने दिले जाते. स्थलांतराचा निर्णय पुष्कळदा पेढीवर होत नाही. तो मुलगी पाहण्याच्या बैठकीत होतो.

शहराने काय दिले, काय घेतले

शहराने समाजाला पुष्कळ दिले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. रुग्णालय जवळ आले. मुलींना शिक्षण आणि स्वतंत्र ओळख मिळाली. एका गावात पाच घरे असलेल्या कुटुंबाला शहरात पाचशे घरांचा संघ लाभला. चातुर्मासात नामवंत साधु-साध्वींची प्रवचने ऐकायला मिळू लागली. पाठशाळा, आयंबिल शाळा, ग्रंथालये यांची सोय झाली.

परंतु शहराची रचना श्रावकाच्या दिनचर्येला अनुकूल नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन हा घरोघरचा साधा नियम. गावात दुकानाला दुपारी विश्रांती असे आणि घर मागच्या बाजूलाच असे. दिवस मावळण्याआधी जेवण आपोआप होत असे. शहरात कार्यालयातून निघणे, गर्दीचा रस्ता आणि घर यांच्यामध्येच सूर्य मावळतो. नियम पाळणारे डबा जवळ ठेवून पाळतात. पण जो नियम घराचा होता, तो आता एकेकट्या व्यक्तीच्या निर्धाराचा झाला आहे आणि पुढच्या पिढीला निर्धार वारशाने देता येत नाही.

साधुचर्येच्या दृष्टीने तर अडचण अधिक मोठी आहे. श्वेतांबर साधु-साध्वींना मलमूत्रादी परठवण्यासाठी निर्जीव, मोकळी भूमी लागते. सिमेंटच्या नगरात ती मिळत नाही. दिगंबर मुनींच्या आहारासाठी परंपरेने विहिरीचे पाणी वापरले जाते. शहरात विहिरी बुजल्या आणि ज्या उरल्या त्यांचे पाणी वापरण्यासारखे राहिले नाही. उद्वाहनाचा वापर न करणाऱ्या वृद्ध साध्वींना गोचरीसाठी दहाव्या मजल्यावर जाणे शक्य होत नाही. शहरात श्रावक संख्येने वाढले, पण साधुचर्येला लागणारी भूमी, पाणी आणि उघडे दार या तीन साध्या गोष्टी कमी झाल्या. त्या तिन्ही गावात होत्या.

विहाराचा मार्ग

गाव ओस पडल्याने धर्माची सर्वांत मोठी हानी कोठे होते, हे पाहायचे असेल तर विहाराच्या मार्गाकडे पाहावे.

साधु-साध्वी चातुर्मासाचे चार महिने एका ठिकाणी राहतात आणि उरलेले आठ महिने पायी विहार करतात. जालन्याहून मेहकर, वाशिमकडे किंवा तेथून उलट जाणाऱ्या साधुवृंदाचा मार्ग याच गावांमधून जातो. एका दिवसात दहा-पंधरा, फार तर वीस किलोमीटर चालणे होते. म्हणून दर दहा-पंधरा किलोमीटरवर एखादे गाव आणि त्या गावात श्रद्धेने उघडे असलेले एखादे तरी घर असणे, ही विहाराची प्राथमिक गरज आहे. कधीकाळी ही घरांची साखळी अखंड होती. एखाद्या गावात एकच जैन घर असे, पण त्या एका घरामुळे त्या गावाचा मुक्काम ठरत असे. अतिथिसंविभाग हे श्रावकाचे बारावे व्रत. ते पाळण्याची संधी शहरातील शेकडो घरांना वर्षातून एखाद्या वेळी मिळे. रस्त्यावरच्या त्या एका घराला मात्र ती वारंवार मिळत असे.

आता साखळीतील कड्या निखळत आहेत. त्यावर उपाय म्हणून महामार्गांवर विहारधामे बांधली जात आहेत. त्यामागील भक्ती निर्विवाद आहे. तथापि एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. साधूसाठी म्हणून मुद्दाम केलेला आहार श्वेतांबर परंपरेत आधाकर्मी म्हणून सदोष मानला जातो. दिगंबर परंपरेतही उद्दिष्ट आहाराचा त्याग सांगितला आहे. चौका लागतो तोही श्रावकाने स्वतःसाठी केलेल्या शुद्ध भोजनातून अतिथीला देण्याच्या भावनेने. मग ज्या इमारतीत कोणीच राहत नाही, जेथे केवळ साधु येणार म्हणून स्वयंपाकी चूल पेटवितो, तेथील आहाराने ही मर्यादा कशी सांभाळली जाणार? पैशाने छप्पर उभे राहते. नांदते घर पैशाने उभे राहत नाही. साधूला लागते ती स्वतःसाठी पेटलेली चूल आणि तिच्यातील थोडासा वाटा.

शास्त्राने यावर मार्गही सांगितला आहे. गोचरीसाठी साधूने केवळ परिचित किंवा संपन्न घरी जाऊ नये; लहान-मोठ्या सर्व घरी समभावाने जावे, अशी आगमांची आज्ञा आहे. या भागातील गावांत तुळशीची माळ घातलेली वारकऱ्यांची घरे आहेत. तेथे शुद्ध शाकाहार आहे, अतिथीविषयी आदर आहे. जैन घर नसलेल्या गावात श्वेतांबर साधु-साध्वींना ताक-भाकरी मिळते, ती पुष्कळदा अशाच माळकऱ्याच्या घरून मिळते. म्हणजे विहाराचा मार्ग केवळ जैन घरांवर टिकून नाही. तो गावावर टिकून आहे. गावातील माळकरी शेतकऱ्याचे घरही बंद पडले, तर मार्ग पूर्णच बंद होईल.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. तो बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या तालुक्यांतून जातो. दूरच्या प्रवासाला त्याने वेग दिला. शेतमाल बाजारात लवकर पोहोचू शकतो, रुग्ण लवकर पोहोचू शकतो. परंतु त्या मार्गावर पादचाऱ्याला प्रवेश नाही. वाहनाने जाणारा श्रावक आता गावात न शिरता पुढे निघून जातो आणि पायी चालणारे साधु जुन्याच रस्त्याने गावागावांतून येतात. एकाच समाजातील श्रावक आणि साधु यांचे रस्ते वेगळे झाले आहेत. पन्नास वर्षांच्या बदलाचे याहून स्पष्ट चित्र दुसरे नसेल.

दुसरे स्थलांतर

स्थलांतराचा विचार करताना समाजाने केवळ स्वतःच्या बंद घरांचे दुःख केले, तर तो विचार अपुरा राहील. गावातून दुसरेही लोक जात आहेत.

जैन कुटुंबाचे स्थलांतर हे बहुतांशी ऐपतीचे स्थलांतर आहे. ते अधिक चांगल्या जीवनासाठी, निवड करून झालेले असते. अल्पभूधारकाचे आणि शेतमजुराचे स्थलांतर निरुपायाचे असते. घाटावरची शेती पावसावर अवलंबून. ज्वारी आणि कापसाची जागा गेल्या काही दशकांत सोयाबीनने घेतली; खर्च वाढला, भावाची खात्री राहिली नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी साहाय्याची विशेष योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा जिल्हा होता. आत्महत्यांनी गाजलेल्या त्या काळाची स्मृती या भागातून अद्याप गेलेली नाही. पेरणीच्या हंगामात पैसा न मिळणे, हे तेव्हाचे एक मोठे कारण होते. गावची पेढी गेली तेव्हा सावकारी गेली, हे चांगले झाले. पण अडल्या वेळी माणूस ओळखून दिली जाणारी पत तिच्याबरोबर गेली आणि तिची जागा वेळेवर भरून निघाली नाही, हेही तितकेच खरे.

८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रेल्वे रुळांवर थकून झोपले आणि मालगाडीखाली मरण पावले. रुळांवर विखुरलेल्या भाकरी देशाने पाहिल्या. जालना या भागाला परके नाही. येथील किती तरी कुटुंबांची दुकाने आणि नातीगोती तेथे आहेत. त्या दिवसांत अनेक जैन संस्थांनी वाटसरूंना अन्न-पाणी दिले, हे कौतुकास्पद होय. परंतु जो समाज रोज पायी चालणाऱ्या साधूला वंदन करतो, त्याला पायी चालणाऱ्या मजुराचे दुःख अधिक कळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. एकाचे चालणे व्रत आहे, दुसऱ्याचे चालणे विवशता आहे. पहिल्याला आदर द्यावा आणि दुसऱ्याची विवशता कमी करावी, ही दोन्ही कर्तव्ये अहिंसेच्या एकाच तत्त्वातून निघतात.

पुढील पन्नास वर्षे

स्थानांग सूत्रात दहा प्रकारचे धर्म सांगितले आहेत. त्यांतील पहिला ग्रामधर्म, दुसरा नगरधर्म, तिसरा राष्ट्रधर्म. श्रुतधर्म आणि चारित्रधर्म यांचा उल्लेख त्यानंतर येतो. विसाव्या शतकातील अनेक प्रवचनकारांनी या क्रमाचा अर्थ असा उलगडला, की ज्या गावात माणूस राहतो त्या गावाची व्यवस्था आणि सदाचार नीट असेल, तरच पुढचे धर्म उभे राहू शकतात. समाजाने नगरधर्म स्वीकारला, त्यात गैर काही नाही. प्रश्न ग्रामधर्म सोडून दिला का, हा आहे.

श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जायचे, याची मर्यादा श्रावक स्वतः ठरवितो. आजच्या काळात ती जशीच्या तशी पाळणे कठीण असेल. परंतु तिच्यातील मर्म कालबाह्य झालेले नाही. विस्ताराला कोठेतरी मर्यादा असावी आणि ती स्वतः ठरवलेली असावी, हे ते मर्म होय. एका शहरातून दुसऱ्या शहरात, एका सदनिकेतून मोठ्या सदनिकेत जाताना ‘येथवर पुरे’ असे म्हणण्याची शक्ती ज्या कुटुंबात आहे, त्याच कुटुंबाकडे गावासाठी देण्यास काही उरते.

जे शहरात गेले त्यांनी परत यावे, असा आग्रह धरणे व्यवहार्य नाही. मात्र काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट विश्वस्त मंडळाच्या रचनेची. अनेक ग्रामीण संस्थांचे विश्वस्त आज दूरच्या शहरात राहतात. सभेला गणपूर्ती होत नाही, धर्मादाय कार्यालयात द्यावयाचे फेरफार अर्ज वर्षानुवर्षे दाखल होत नाहीत. संस्था अशी दुर्लक्षित झाली, की मंदिराच्या वा स्थानकाच्या जागेवर इतरांची दृष्टी जाते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, हे संरक्षण आहे. परंतु कागद जपणारा माणूसच नसेल तर कायदा एकटा काय करणार? निदान निम्मे विश्वस्त गावात किंवा तालुक्यात राहणारे असावेत आणि त्यांत तरुण व महिला असाव्यात.

दुसरी गोष्ट विहारसेवेची. रस्त्यावरील प्रत्येक गावाची नोंद करावी. नांदते जैन घर कोठे आहे, माळकरी घर कोठे आहे, शाळेची खोली कोठे मिळते, विहिरीचे पाणी कोठे आहे, याची एक वही संस्थेत असावी. वर्षातील काही दिवस शहरातील कुटुंबांनी पाळीने गावच्या घरी येऊन राहावे. केवळ साधु येणार म्हणून नव्हे, तर आपले घर उघडण्यासाठी. पर्युषणाचे किंवा दशलक्षणाचे दिवस एकदा तरी गावी काढावेत. कुलूप उघडले, जाळे झटकले, चूल पेटली, शेजारची माणसे ओट्यावर येऊन बसली, की मुलांना आजोबांचे गाव कळते. ते छायाचित्रावरून कळत नाही.

तिसरी गोष्ट गावाच्या पाण्याची आणि शिक्षणाची. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने बुलढाणा जिल्ह्यात ‘सुजलाम सुफलाम’ हे अभियान हाती घेतले. शंभराहून अधिक यंत्रे देऊन तलावांतील गाळ काढण्यात आला आणि शेतकऱ्यांनी तो स्वतःच्या खर्चाने शेतात नेला. या कामाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. यंत्र समाजाने दिले, इंधन शासनाने दिले, वाहतूक शेतकऱ्याने केली. कोणी कोणाचा उपकारकर्ता झाला नाही. तलावात पाणी राहिले तर शेतकरी राहील. शेतकरी राहिला तर बाजार राहील. बाजार राहिला तर एखाद्या शिकलेल्या मुलाला गावात परत येऊन बियाण्यांचे, गोदामाचे, डाळ मिलचे काम उभारावेसे वाटेल. त्याचप्रमाणे समाजाच्या शिष्यवृत्ती केवळ समाजापुरत्या न ठेवता गावातील गरजू, हुशार मुलांसाठीही खुल्या व्हाव्यात. कारंजा येथे १९१८ मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला, तेव्हा वऱ्हाडात शिक्षणाची साधने अत्यल्प होती. तरीही मूठभर माणसांनी निश्चय करून ते काम उभे केले. आज साधने शतपट आहेत.

हे सारे करताना एक हिशेब स्पष्ट ठेवावा. गावासाठी केलेला खर्च हा दान नव्हे. ती जुनी देणी आहेत. ज्या गावाच्या कापसावर, तुरीवर, उधारीवर आणि विश्वासावर दोन-तीन पिढ्या शिकल्या, मोठ्या झाल्या आणि शहरात गेल्या, त्या गावाचे येणे समाजाच्या चोपडीत अजून बाकी आहे. प्रामाणिक व्यापारी दुसऱ्या गावी पेढी हलविताना जुन्या गावची देणी चुकती करून मगच जातो. समाजाची परंपरा हीच आहे.

सुवर्ण महोत्सवाची सांगता दिवे लावून होते. दिवे मंदिरात लागतील, स्थानकात लागतील, शहरातील सभागृहातही लागतील. परंतु जुन्या रस्त्याने उन्हातून चालत येणाऱ्या साधूला दुपारी लांबून जे दिसायला हवे, ते म्हणजे घराच्या छपरातून निघणारा धूर. तो दिसला, की आत कोणी राहते, चूल पेटलेली आहे आणि दार उघडे आहे, एवढे कळते. संस्था शंभर वर्षांची होईल तेव्हा या रस्त्यावरील गावांत तो धूर दिसावा, हीच मंगल कामना.

जय जिनेंद्र.